प्राण्यांसाठी मत द्यायचं तर कुठलं, कुणाला आणि काय विचारून?

जुलै २०२५ च्या अखेरीस नांदणीच्या जैन मठातली हत्तीण माधुरी जामनगरला हलवली गेली आणि कोल्हापूर जिल्ह्यात लोक रस्त्यावर उतरले. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवारागृहांत ठेवायला सांगितलं आणि अकरा दिवसांत तो आदेश बदलला. त्याच सुमारास दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, त्यावरून झटापट झाली. नोव्हेंबर उजाडला तेव्हा शिरूर-जुन्नर पट्ट्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं दगावल्यामुळे गावकऱ्यांनी महामार्ग अडवला होता. आणि जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं.

या बातम्या वेगवेगळ्या पानांवर छापल्या गेल्या, पण त्यांचा एकमेकींशी जवळचा संबंध आहे. कुत्र्यांची नसबंदी वेळेवर होणं, बिबट्याच्या हल्ल्यानंतर भरपाई मिळणं, पाळीव हत्तीच्या पायांच्या जखमांकडे कुणीतरी बघणं, ही सगळी कामं शेवटी निवडून दिलेल्या माणसांच्या किंवा त्यांच्या हाताखालच्या यंत्रणेच्या वाट्याची आहेत. ती झाली नाहीत म्हणून प्रकरणं न्यायालयात गेली. तरीही प्राण्यांसाठी काय करता येईल असं विचारलं की दत्तक घ्या, देणगी द्या, उन्हाळ्यात पाणी ठेवा एवढंच सांगितलं जातं. मतदानाचं नाव कुणी काढत नाही. ते का काढायला हवं आणि नेमकं कुठलं मत कामाला येतं, हे इथे पायरीपायरीने पाहू.

## मत नसलेले रहिवासी

भाडेकरूला सोसायटीच्या वार्षिक सभेत मत नसतं. पाणी किती वाजता सोडायचं, टाकी कधी धुवायची, हे सभासद ठरवतात आणि नळ मात्र त्याच्याही घरातला कोरडा पडतो. एखादा सभासद उभा राहून त्याची बाजू मांडतो, तेव्हाच ती इतिवृत्तात येते. प्राण्यांची अवस्था अशीच आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ५३ कोटी ५८ लाख गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या आणि इतर जनावरं होती, ८५ कोटींहून अधिक कोंबड्या-बदकं होती आणि सुमारे दीड कोटी भटकी कुत्री. यातल्या एकाचंही नाव मतदार यादीत येणार नाही. त्यांच्याबद्दलचे निर्णय मात्र रोज होतात, आणि ते घेणाऱ्याला फक्त मतदाराचा आवाज ऐकू येतो.

## कुणाच्या हातात काय आहे?

राज्यघटनेने कामांची वाटणी करून ठेवली आहे. काही विषय केंद्राचे, काही राज्याचे आणि काही दोघांचे. दोघांच्या विषयांच्या यादीला समवर्ती सूची म्हणतात. प्राण्यांवरची क्रूरता रोखणं आणि वन्य प्राणी-पक्ष्यांचं संरक्षण हे दोन्ही विषय या सूचीत आहेत. म्हणजे संसदही कायदा करू शकते आणि विधिमंडळही. दोन कायद्यांत विसंगती आली तर संसदेचा कायदा चालतो. मात्र राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली असेल, तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो. हा शेवटचा नियम लक्षात असू द्या, बैलगाडा शर्यतीची सगळी कहाणी त्याच्यावरच उभी आहे.

जनावरांचे रोग आवरणं आणि पशुवैद्यकीय सेवा हा राज्याचा विषय आहे. त्याखालची पायरी फारशी कुणाला माहीत नसते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरी संस्थांकडे सोपवायच्या कामांची यादी केली. त्या यादीत रस्ते आणि पाणी यांच्याबरोबर कोंडवाडे, प्राण्यांवरची क्रूरता रोखणं आणि कत्तलखान्यांचं नियमन हेही लिहिलेलं आहे. ग्रामीण भागासाठीच्या तशाच यादीत पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय आणि कुक्कुटपालन आहे. थोडक्यात, दारावर मत मागायला येणाऱ्या नगरसेवकाच्या उमेदवाराला प्राण्यांबद्दल विचारलं तर तो प्रश्न गैरलागू ठरत नाही.

## पन्नास रुपये दंड

देशाचा मुख्य कायदा म्हणजे १९६० चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा. त्याची सुरुवात झाली ती नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्यामुळे. त्या १९५२ मध्ये राज्यसभेवर गेल्या आणि त्यांनी स्वतःचं खासगी विधेयक मांडलं. सरकार स्वतः कायदा करील असं आश्वासन पंतप्रधान नेहरूंनी दिल्यावर त्यांनी ते मागे घेतलं, आणि पुढे हा कायदा आला. रुक्मिणीदेवी राष्ट्रपतींनी नेमलेल्या सदस्य होत्या, निवडून आलेल्या नव्हत्या. स्वतंत्र भारतातला प्राण्यांचा पहिला मोठा कायदा अशा जागेवरून आला जिथे मतं मागावी लागत नव्हती, आणि मला हे फार बोलकं वाटतं.

या कायद्यात जनावराला निर्दयपणे मारणं, उपाशी ठेवणं, ताकदीबाहेर ओझं लादणं हे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला शिक्षा आहे दहा ते पन्नास रुपये दंड. १९६० मध्ये पन्नास रुपये ही जड रक्कम होती. साठहून अधिक वर्षांत तो आकडा बदललेला नाही. जनावराला ठार मारणं, विष घालणं किंवा कायमचं अधू करणं यासाठी भारतीय न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पण रोजची मारहाण आणि उपासमार अजून त्या पन्नास रुपयांतच मोडते. २०२२ मध्ये केंद्राने दंड वाढवणाऱ्या दुरुस्तीचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध केला होता. २०२४ ची लोकसभा निवडणूक पार पडली तरी त्याचा कायदा झालेला नव्हता. या दंडाबद्दल प्रचारात किती उमेदवारांना प्रश्न विचारला गेला असेल?

## "पण न्यायालय आहे की!"

प्राणीप्रेमी माणसाची पहिली धाव न्यायालयाकडे असते. याचिका करावी, स्थगिती मिळवावी, बंदी आणावी. न्यायालयांनी प्राण्यांसाठी खरोखर मोठं काम केलं आहे. पण केवळ त्यांच्या भरवशावर राहिलं तर काय होतं, हे आपल्या बैलगाडा शर्यतीने दाखवून दिलं.

२०११ मध्ये केंद्राने खेळ आणि प्रदर्शनासाठी वापरता न येणाऱ्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू (तमिळनाडूतला बैल आवरण्याचा खेळ) आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यती दोन्हींवर बंदी कायम केली. निकाल केवढा तरी व्यापक होता. भूक, वेदना आणि भीती यांपासून मोकळं जगण्याचा प्राण्यांचा हक्क त्यात मानला गेला. प्राणीमित्रांना वाटलं, लढाई संपली.

पण शर्यतशौकीन गप्प बसले नव्हते. पुणे जिल्ह्यातल्या खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर या तालुक्यांत यात्रा म्हटली की घाट, म्हणजे शर्यतीची धावपट्टी, आलाच. बैलगाडा मालकांच्या संघटना झाल्या, मोर्चे निघाले, आमदार-खासदारांना गाठलं गेलं आणि शर्यत हा निवडणुकीच्या प्रचाराचा मुद्दा झाला. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर जल्लिकट्टूसाठी प्रचंड आंदोलन झालं आणि तमिळनाडूने कायद्यात दुरुस्ती केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सर्वपक्षीय पाठिंब्याने तशीच दुरुस्ती केली. तिला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा अडसर आला, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. खेळ परंपरेचा भाग आहे की नाही, हे विधिमंडळाने ठरवलं असेल तर न्यायालय त्यात पडणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

शर्यत असावी की नसावी याबद्दल वाचकांत दोन मतं असतील. बैलाला लेकरासारखं जपणारे गाडामालक आहेत, आणि शर्यतीत त्याला टोचणारे, त्याची शेपटी पिरगाळणारेही आहेत. माझं स्वतःचं मन शर्यतीच्या बाजूने नाही. पण इथे महत्त्वाचं आहे ते हे की न्यायालयात मिळालेली गोष्ट विधिमंडळात परत गेली. ती परत नेणारे लोक संघटित मतदार होते.

या कहाणीत प्राण्यांच्या बाजूच्या माणसांसाठी आशेची एक जागा आहे, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. शर्यतीच्या अटी मोडून बैलाला इजा करणाऱ्याला महाराष्ट्राच्या दुरुस्तीने पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. मूळ कायद्यात पन्नास रुपये, आणि राज्याच्या दुरुस्तीत पाच लाख! म्हणजे दंड वाढवायला दिल्लीची वाट बघावी लागतेच असं नाही. विधिमंडळ ते करू शकतं, एकदा केलंही आहे. शर्यतीतल्या बैलासाठी जमलं ते ऊस ओढणाऱ्या बैलासाठी, विटांची गाढवं आणि टांग्याची घोडी यांच्यासाठी का जमू नये, हा प्रश्न आमदाराला थेट विचारता येतो.

## सगळ्यात लहान निवडणूक, सगळ्यात जवळचं काम

लोकसभेच्या मतदानाला आपण आवर्जून जातो आणि महापालिकेच्या दिवशी जोडून सुट्टी काढतो. प्राण्यांच्या हिशेबाने मात्र उलट करायला हवं.

भटक्या कुत्र्यांचं उदाहरण घ्या. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार कुत्री पकडायची, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचलली तिथेच सोडायची, ही जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं, क्रीडासंकुलं यांना त्यातून वेगळं काढलं. तिथली कुत्री परत तिथे सोडायची नाहीत, निवारागृहात ठेवायची, असा आदेश दिला. आता ही निवारागृहं बांधायची कुणी? महापालिकेने. जागा, डॉक्टर, पिंजरे, गाड्या, संस्थांना प्रत्येक कुत्र्यामागे द्यायचे पैसे, हे सगळं महापालिकेच्या अंदाजपत्रकातून येतं आणि ते अंदाजपत्रक स्थायी समिती व सर्वसाधारण सभा मंजूर करते.

नसबंदी अर्धवट झाली तर ती न झाल्यासारखीच असते. एका वस्तीतल्या थोड्याच माद्यांची शस्त्रक्रिया झाली तर उरलेल्या माद्या एक-दोन हंगामांत संख्या भरून काढतात. रेबीज थोपवायलाही साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस मिळावी लागते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे वर्षाला ठरावीक वेगाने, न थांबता काम व्हायला हवं. निविदा सहा महिने अडकली की मागचं कामही पाण्यात जातं. ही निविदा का अडकली हे सभागृहात उठून विचारणारा माणूस म्हणजे नगरसेवक. मुंबईत मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ पर्यंत तो माणूसच नव्हता, कारभार प्रशासकाकडे होता. राज्यातल्या इतरही बहुतेक महापालिकांची तीच गत होती.

कुत्र्यांना खाऊ घालणारे आणि कुत्र्यांना घाबरणारे एकाच इमारतीत राहतात आणि एकमेकांशी भांडतात. वास्तविक दोघांची मागणी एकच आहे, नसबंदी आणि लसीकरण वेळेवर व्हावं. दोघं मिळून एकाच उमेदवाराकडे गेले तर तो त्यांना टाळू शकणार नाही. महापालिकेच्या प्रभागात अनेकदा जय-पराजय काही शे मतांवर ठरतो, आणि दोन-तीन मोठ्या सोसायट्यांत तेवढी मतं सहज असतात.

## गावाकडचं मत: दवाखाना आणि कारखाना

ग्रामीण भागात गुरांचे बहुतेक दवाखाने जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाखाली चालतात. डॉक्टरांची जागा रिकामी असणं, लाळ्या-खुरकुताची लस वेळेवर न येणं, रात्री अडलेल्या गाईला कुणी न मिळणं, हे जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचे मुद्दे आहेत. २०२२ च्या उत्तरार्धात लम्पी हा गुरांचा त्वचारोग आला आणि गोठेच्या गोठे आजारी पडले, तेव्हा बहुतेक जिल्हा परिषदांत निवडून आलेला एकही सदस्य नव्हता. त्यांची मुदत त्याच वर्षी मार्चमध्ये संपलेली होती.

आणखी एक निवडणूक आहे, ती कुणी प्राण्यांच्या यादीत धरतच नाही. सहकारी साखर कारखान्याची. हंगामात बैलगाडीतून ऊस कारखान्यावर जातो. १९६५ च्या नियमांनुसार ओढकामाच्या जनावराकडून दिवसात नऊ तासांहून जास्त काम घेता येत नाही, सलग पाच तासांहून जास्त नाही, आणि तापमान ३७ अंशांच्या वर जाणाऱ्या भागात दुपारी बारा ते तीन तर मुळीच नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात गव्हाणीबाहेरच्या रांगेत जुंपलेल्या बैलांचे तास कोण मोजतं?

इथे गाडीवानाला दंड करून भागत नाही. बीड-अहिल्यानगरकडून आलेलं ते कुटुंब उचल फेडायला राबत असतं आणि पैसे टनावर मिळत असतात, म्हणून गाडीत ऊस रचला जातो. वाहतुकीचा दर, वजनाची मर्यादा, रांगेत सावली आणि पाणी, तळावर पशुवैद्य, हे ठरवतं संचालक मंडळ. आणि संचालक मंडळ निवडतात सभासद शेतकरी. ज्या शेतकऱ्याला बैलाचं दुखणं कळतं त्याच्याच हातात हे मत आहे. ऊसदरावरून सभा गाजवणाऱ्या सभासदांनी हा एक ठराव मांडला, तर तो कुठल्याही शहरी मोहिमेपेक्षा जास्त बैलांच्या मानेवरचं ओझं उतरवील.

## "मग प्राण्यांचा वेगळा पक्षच का नको?"

नेदरलँड्समध्ये तसा पक्ष आहे. २००२ मध्ये प्राण्यांसाठीचा पक्ष स्थापन झाला आणि २००६ मध्ये त्याचे दोन खासदार निवडून आले. राष्ट्रीय संसदेत पोचलेला जगातला तो पहिला असा पक्ष. पण तिथे जेवढी टक्के मतं तेवढ्या जागा, अशी पद्धत आहे. १५० जागांच्या सभागृहात एक टक्क्याहून कमी मतांनाही एक खासदार मिळतो. आपल्याकडे प्रत्येक मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मतं तोच जिंकतो, त्यामुळे राज्यभर विखुरलेली दोन टक्के मतं शून्य जागा देतात. तीच दोन टक्के मतं चुरशीच्या प्रभागात दोन्ही मोठ्या उमेदवारांना हवी असतात. आपल्या पद्धतीत वेगळा झेंडा उभारण्यापेक्षा सगळ्यांकडे एकच मागणी नेणं जास्त फळतं. बैलगाडा संघटनांनी तेच केलं.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात लोक थेट कायद्यावर मत देतात. २००८ आणि २०१८ मध्ये तिथल्या साठ टक्क्यांहून अधिक मतदारांनी कोंबड्या, डुकरिणी आणि वासरांना हलता-वळता येईल एवढी जागा देणारे कायदे मंजूर केले. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ चा कायदा उचलून धरला. स्वित्झर्लंडमध्ये मात्र २०२२ मध्ये औद्योगिक पशुपालन बंद करण्याचा प्रस्ताव जवळपास ६३ टक्के मतदारांनी फेटाळला. लोकांना विचारलं की ते प्राण्यांच्याच बाजूने बोलतील, याची खात्री कुठेच नाही.

## "माणसांचेच प्रश्न सुटले नाहीत…"

हा आक्षेप मनापासून घेतला जातो, म्हणून त्याला उत्तरही नीट द्यायला हवं. रेबीजने मरणाऱ्यांत बहुतेक गरीब असतात आणि त्यांत मुलं मोठ्या संख्येने असतात. लम्पीने मेलेली गाय म्हणजे एका घरातलं महिन्याचं दूध आणि मुलाची फी. उसात पिलं घालणाऱ्या बिबट्याचा बंदोबस्त झाला नाही तर आधी शेतमजुराच्या मुलाचा जीव जातो आणि मग बिबट्याला गोळी लागते. दिवसा वीजपुरवठा द्या म्हणजे रात्री पाणी धरायला जावं लागणार नाही, ही जुन्नरच्या शेतकऱ्याची मागणी माणसाचीही आहे आणि बिबट्याचीही.

## मतं प्राण्याच्या हिताची की आपल्या प्रेमाची?

माधुरीच्या बाबतीत मतांची ताकद उघड दिसली. उच्च न्यायालयाने आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला, आणि तरीही काही दिवसांत राज्य सरकारने मठाच्या बाजूने उभं राहण्याची घोषणा केली, कारण सगळा जिल्हा एक झाला होता. त्या प्रेमावर शंका घेण्याचं कारण नाही. पण तिच्या पायांचं दुखणं आणि कळपाविना गेलेली वर्षं यांबद्दल तेवढ्याच आवाजात बोलणारा मतदार दिसला नाही. गोवंशाबद्दलही तसंच होतं. २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आहे, आणि तिच्या नावाने मतंही मागितली जातात. काम संपलेल्या बैलाला शेतकरी चारा कुठून आणणार, हा त्याच बैलाचा प्रश्न प्रचारात क्वचितच येतो. म्हणून कुठल्याही पक्षाच्या उमेदवाराने प्राण्याचं नाव घेतलं की त्याला पुढचा प्रश्न करावा: चारा, जागा, डॉक्टर आणि पैसा कुठून?

## उमेदवार दारात आला की

प्रश्न नेमका असावा. "प्राण्यांसाठी काय करणार?" याला "सगळं करू" असं उत्तर मिळतं. त्याऐवजी प्रभागात गेल्या वर्षी किती कुत्र्यांची नसबंदी झाली, जन्म नियंत्रणाच्या देखरेख समितीची बैठक शेवटची कधी झाली, निवारागृहाची जागा कुठली, असं विचारावं. जिल्हा परिषदेच्या उमेदवाराला गटातल्या गुरांच्या दवाखान्यातल्या रिकाम्या जागा विचाराव्यात. उत्तर लिहून घ्यावं आणि अंदाजपत्रक मांडलं जातं त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तोच कागद घेऊन पुन्हा भेटावं.

बहुतेक महापालिकांत एका प्रभागातून अनेक नगरसेवक निवडले जातात, आणि तुमच्याकडेही तेवढीच मतं असतात. त्यातलं निदान एक मत या उत्तरावर ठरवता येईल.

शेवटी यादीचं. पुण्यात रात्री कुत्र्यांना जेवण देणारी, जखमी कुत्रं रिक्षात घालून दवाखान्यात नेणारी कितीतरी मुलं भाड्याने राहतात आणि त्यांचं नाव मात्र लातूर, जळगाव किंवा साताऱ्याच्या यादीत असतं. ज्या महापालिकेशी ती रोज भांडतात, तिथे त्यांना मतच नसतं. पत्ता बदलला असेल तर नमुना ८ आणि पहिल्यांदा नोंदणी असेल तर नमुना ६ भरावा लागतो. स्थानिक निवडणुकीला विधानसभेचीच यादी प्रभागांत विभागून वापरतात आणि त्यासाठी आधीची एक ठरावीक तारीख धरतात. जानेवारी २०२६ च्या मतदानासाठी ती १ जुलै २०२५ होती. त्यामुळे निवडणूक जाहीर झाल्यावर केलेला अर्ज त्या निवडणुकीला उपयोगी पडत नाही, तो आधीच करून ठेवावा लागतो.